खुलासा : अण्णांना भारतरत्न हयातीतच मिळालं

महर्षी धोंडो केशव कर्वे ऊर्फ अण्णा यांना ‘मरणोत्तर’ भारतरत्न मिळालं, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा. भारतरत्न मिळालं १९५८ साली, म्हणजे ऐन शताब्दीच्या वर्षी. त्याच वर्षी त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. ते गेले ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५व्या वर्षी.

त्याच मजकुरात ‘पुण्यातली मुलींची पहिली शाळा कर्व्यांनी काढली’ असंही आहे. तो मान जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा, १८४८चा. अण्णांनी १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९१६मध्ये महिला विद्यापीठ. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की ते पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जात.

१८९३मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या ‘बाया’ कर्वे यांच्याशी, पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या कोकणातल्या मुरुड गावच्या लोकांनी बहिष्कार घातला. आईच्या घरी उतरायचीही चोरी झाली. तरी मुरुडशी त्यांनी वाकडं धरलं नाही. माझ्या लेखी अण्णांचं मोठेपण इथे जास्त दिसतं.

ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवलाय, त्यांनी कृपया ही दुरुस्तीही त्याच गटांवर पाठवावी.