चुना मारल्यावर १५ अंश कुठे कमी होतात?

‘गच्चीला चुना मारा, घर १५ अंशांनी थंड होईल, एसी विकून टाका’ असा मेसेज सध्या विदर्भात घरोघरी फिरतोय. चुना जरूर मारा. पण १५ अंशांचा तो आकडा घरातल्या हवेचा नाही, स्लॅबच्या पृष्ठभागाचा आहे. मे महिन्यात दुपारी उघडा काळपट स्लॅब साठीच्या घरात तापतो. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे तिथे एवढा फरक पडू शकतो. खाली खोलीत मात्र साधारण २ ते ५ अंशच कमी होतात. पत्र्याखाली राहणाऱ्यांसाठी हेही फार मोलाचं आहे. म्हणूनच अहमदाबादने २०१७ मध्ये वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली आणि तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं.

फायदा फक्त सर्वांत वरच्या मजल्याला मिळतो, हे मेसेजमध्ये कुणी सांगत नाही. पश्चिमेची भिंत तापत असेल तर चुन्याचा तिथे उपयोग नाही. तिथे सज्जा, हिरवी जाळी किंवा झाडच हवं. शिवाय साधा चुना पावसात धुऊन जातो आणि धुळीने काळवंडला की परिणाम घटतो. गच्ची झाडून, धुऊन, पूर्ण वाळवून मार्चमध्ये दोन हात द्या. चुना धरून राहावा म्हणून त्यात फेविकॉल घालतात. आणि गळती यानं थांबत नाही, त्यासाठी वॉटरप्रूफिंग वेगळंच करावं लागतं.