गाडी ठीक आहे, पार्टीच कच्ची आहे

गेल्या रविवारी एका सेकंड हॅण्ड गाडीच्या मालकानं मला नापास केलं. मला! गाडी त्याची, मीटर फिरवलेलं, आरसीवर अजून बँकेचा बोजा, आणि भरवशाचा नाही ठरलो मी. घरी फक्त ‘जमलं नाही’ एवढंच सांगितलंय.

गाडी कशाला पाहिजे हे विचारू नका. मे महिन्यात भर दुपारी सासूबाईंना स्कूटीवर मागे बसवून सिव्हिलपासून जुळे सोलापूरपर्यंत आणा, मग बोलू.

आधी नवीच बघितली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हापासून ऑफिसात जो तो मला नवी गाडी घ्यायला लावायच्या मागे लागलेला, स्वतः मात्र कुणी घेत नाही. शोरूमला गेलो. सेल्समन पोरगा गोड होता. त्याला एकच विचारलं, बाबा रे, ही गाडी दहा वर्षं त्रास न देता चालेल का? त्यावर त्यानं सनरूफ उघडून दाखवलं. सनरूफ. सोलापुरात. पारा ४३ वर. मी परत विचारलं तर त्यानं ते आवाजावर पण उघडतं हे दाखवलं. इंजिनाबद्दल काही विचारलं की हा पोरगा छताकडं बघायचा.

मग भाच्याचा सल्ला आला की मामा फाइव्ह स्टारवाली घे, बिघडतच नाही. आता ह्याला कोण समजावणार की ते स्टार धडकेचे आहेत. हे स्टार देणारं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, त्यात ताशी ६४ किलोमीटरनं गाडी समोरून आदळवतात आणि आतल्या बाहुल्याला किती लागलं ते मोजतात. चांगलीच गोष्ट आहे, व्हायलाच पाहिजे. पण आदळायच्या आधी रोज सकाळी ती चालू होणार का, एसी कितव्या उन्हाळ्यात मान टाकणार, हे त्या बाहुल्याला कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की मला आदळायचं नाहीये, मला अक्कलकोटला जाऊन परत यायचंय.

अमेरिकेत ह्यासाठी पाहण्या होतात म्हणे. जे. डी. पॉवरवाले तीन वर्षं वापरलेल्या गाडीच्या मालकांना विचारतात आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी ते छापतात. त्यातही गंमत अशी की ब्लूटूथ जोडत नाही ही पण एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसला ही पण एकच तक्रार. तरी निदान लोक खरं सांगतात. आपल्याकडं कुणाला विचारून बघा गाडी कशी आहे, ‘एक नंबर!’ आमचे शेजारी गाडीला धक्का मारत होते, मी पण मारत होतो, तेव्हा मला म्हणाले, ‘घ्यायची तर हीच घ्या, लोण्यासारखी चालते.’ कारण वाईट म्हटलं तर ती विकायची कुणाला? रीसेलपायी सगळं गाव खोटं बोलतंय आणि आपण त्यांच्याच भरवशावर लाखभर रुपये बयाणा द्यायचा.

असो. जुनी घ्यायचं ठरलं आणि मी व्हिडिओ बघून अभ्यास केला. चांगला केला, वहीत लिहून. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ऑइलचं झाकण काढल्यावर आत दुधाळ फेस दिसला तर पाणी मिसळतंय, हेड गॅस्केट बघा. सायलेन्सरमधनं निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. बॉनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टवरचा रंग पान्यानं खरचटला असेल तर ते कधीतरी खोललेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन थंड असताना चालू करून बघा, कारण सगळे रोग थंडीत बोलतात.

जुळे सोलापुरात पोचलो तर गाडी चालू करून ठेवलेली. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली साहेब,’ मालक म्हणाला. जसं काय चहाच. आणि गाडी अशी चकचकीत की मला तिथंच शंका आली. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथं कुणी गाडीवर एवढं पाणी ओतत असेल तर काहीतरी लपवायचंय. ‘मिसेसच चालवायच्या, घर ते शाळा, बास.’ आता हा एक स्वतंत्र विषय आहे. सोलापुरातली विकायला काढलेली प्रत्येक गाडी एक तर शाळेतल्या मॅडमची असते नाहीतर डॉक्टरांची, घर ते दवाखाना. मग रात्री विजापूर रोडला डोळ्यांवर अप्पर मारत जे सुटलेले असतात ते आपल्या गाड्या कधी विकतात? का त्यांच्या गाड्या अमर आहेत?

तर मी वाकून टायरवरचे आकडे वाचत होतो तेवढ्यात मागनं आवाज आला, ‘काय बघलालाव मालक? टायर वाचून गाडी कळत नसती.’

इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चामड्याची चप्पल, हातात नायलॉनची फुगलेली पिशवी, साठीचा माणूस. मला वाटलं गाडीवाल्याचे काका असणार. गाडीवाल्यानं पण त्यांना नमस्कार केला, मग तर खात्रीच झाली. त्यांनी कुणाला काही न विचारता ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आपटलं. कान देऊन ऐकलं. मग मागचं आपटलं. चारही दारं आपटून झाल्यावर म्हणाले, ‘पुढची दोन बोलतात. मागचं डावं रडतंय.’ गाडीवाल्याचा चेहरा पडला. मी विचारलं, रडतंय म्हणजे? ‘ठोकलीय,’ म्हणाले, ‘पण मनापासनं नाही.’ हे मी अजून समजून घ्यायचा प्रयत्न करतोय.

मग बॉनेट. दांडी काढून ऑइल बोटावर घेतलं, नाकाला लावलं, मला वास दिला, गाडीवाल्याला वास दिला. ‘काय येतंय?’ मी म्हटलं ऑइलचा वास येतोय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स. ‘मालक, शेवटचं ऑइल कधी बदललं?’ गाडीवाला म्हणाला दिवाळीत आणि त्याच वेळी मी पण ‘मला काय माहीत’ म्हणालो, कारण ते दोघांनाही मालकच म्हणत होते. त्यानंतर त्यांनी माझ्याकडनं पाचाचं नाणं मागून घेतलं आणि चालू इंजिनावर उभं करून ठेवलं. उभं राहिलं तर इंजिन एकदम ओके म्हणे. आता ही छोटी गाडी, तीन सिलिंडरचं इंजिन, ते जात्याच थरथरतं, त्यात बिघाड काही नसतो, हे मला वहीमुळं माहीत होतं पण सांगणार कुणाला. नाणं टुणकन उडालं आणि खाली कुठंतरी गेलं. ‘गेलं,’ म्हणाले. नाणं का इंजिन हे सांगितलं नाही. पाच रुपये त्या गाडीतच आहेत माझे.

मग डिकी. ‘डिकी किती खोल आहे बघू,’ म्हणत त्यांनी स्वतःची पिशवी आत ठेवली. ‘बसती की.’ आणि डिकी लावून टाकली. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण तोवर आतनं चहा आला होता आणि त्यांना बशीत दोन बिस्किटं, मला अर्धा कप. घरातल्या थोरल्या माणसाचा मान असतो, आपण काय बोलणार. ‘कुठले तुम्ही?’ त्यांनी गाडीवाल्याला विचारलं. मंगळवेढ्याचे, तो म्हणाला. ‘मग गाडी चांगलीच असणार. ज्वारीच्या गावची माणसं फसवत नाहीत.’ स्वतःच्या पुतण्याला गाव विचारतात हे मला जरा विचित्र वाटलं, पण आमच्याकडं पण असे एक काका आहेत.

मधल्या वेळात मी आपला गुपचूप अभ्यास उरकला. मीटर ३८,००० दाखवत होतं, गाडी २०१७ ची, आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत. ३८ हजारात रबर एवढं जात नाही हो, कितीही मॅडम असू द्या. आरसीवर बँकेचं नाव. ‘लोन कधीच नील झालंय साहेब, फक्त उतरवायचं राहिलंय.’ फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आणायला ह्यांना वेळ मिळाला नाही, गाडी धुवायला मिळाला. मग हॅण्डब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, क्लच हळू सोडून बघितला. गाडी जागच्या जागी बंद पडायला पाहिजे. पडली नाही. इंजिन आपलं निवांत गुरगुरत बसलं. म्हणजे क्लच प्लेट घसरतीये. मला मनातनं उकळ्या फुटत होत्या, म्हटलं आता निदान पंधरा हजार तरी तुटणार.

टेस्ट ड्राइव्हला निघालो. मी चालवायला, गाडीवाला शेजारी आणि ते मागे मधोमध, दोन्ही सीटवर कोपरं टेकवून, तोंड आमच्या दोघांच्या मध्ये. आसऱ्याच्या पुलावर चढ लागला आणि व्हायचं तेच झालं, इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी काही वेग घेईना. आता बोलायचंच, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मधनं आवाज आला, ‘मालक, क्लचवरचा पाय काढा की. हाफ क्लचवर चालवलालाव.’

माझा पाय क्लचवर नव्हता! खाली मॅटवर होता, सपाट. पण चालत्या गाडीत स्वतःच्या डाव्या पायाचा पुरावा देणार कसा? गाडीवाल्यानं वाकून बघेपर्यंत पुढं रिक्षा आली आणि मी खरंच क्लच दाबला. त्यानं नेमकं तेवढंच बघितलं. ‘प्लेट आत्ताच टाकलीय हो मी,’ तो रडवेल्या आवाजात म्हणाला. ‘ह्या पायाखाली सहा महिने टिकायची नाय,’ मागनं निकाल आला. ‘ब्रेक पण बघा कसा मारतात. गाडी ठीक आहे मालक, पार्टीच कच्ची आहे.’ होटगी रोडनं जाईपर्यंत माझ्या गिअर टाकण्यावर, आरशात न बघण्यावर आणि खड्डा न चुकवण्यावर भाष्य झालं. खड्डा कसला चुकवायचा, त्या रस्त्यावर खड्डे सोडून काही असलं तर चुकवेन ना.

सात रस्त्यावर म्हणाले, ‘हितं घ्या बाजूला.’ उतरले. डिकी थोपटून उघडायला लावली, पिशवी काढली, खिडकीशी येऊन गाडीवाल्याला म्हणाले, ‘गाडी चांगलीय. माणूस बघून द्या.’ आणि समोरच्या शेअर रिक्षात बसून गेले.

आम्ही दोघं थोडा वेळ गप्प. मग तो म्हणाला, ‘तुमचे मेस्त्री लई कडक आहेत बरं का.’

‘माझे? अहो ते तुमचे काका ना?’

‘माझे कशाचे काका? मला वाटलं तुम्ही सोबत आणलंय. म्हणून तर बिस्किटं दिली.’

आता खरं तर इथं दोघांनी हसून मोकळं व्हायला पाहिजे होतं. मी हसलो पण. तो हसला नाही. तो म्हणाला, ‘कुणी का असंना, माणूस जाणकार होता,’ आणि मग, ‘सरका तुम्ही, मी घेतो चालवायला.’ परत येताना त्याच पुलावर गाडीनं तीच बोंब मारली, तर माझ्याकडं बघून मान हलवली, जणू मीच जाताना काहीतरी करून ठेवलं होतं. दारात पोचल्यावर म्हणाला, ‘घरात विचारून सांगतो.’ गाडी विकणारा! मी मीटरचं काढलं, रबराचं काढलं, तर म्हणाला ह्या सगळ्याला आता काय अर्थ आहे साहेब, गाडी शेवटी चालवणाऱ्यावर असते.

सगळ्यात जास्त राग मला ह्याच वाक्याचा येतो, कारण ते अर्धं खरं आहे आणि त्याच्या आडोशानं सगळा चोरबाजार चालतो. अ‍ॅपवर नंबर टाकला की मालक कितवा ते कळतं, विमा कधीपर्यंत आहे ते कळतं, बोजा कळतो. गाडी खरी किती पळाली ते कळत नाही. ते माहीत असतं सर्व्हिस सेंटरला, प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहून घेतात ते, पण मी फोन केला तर म्हणे ओनरलाच घेऊन या. म्हणजे ज्यानं मीटर फिरवलं त्यालाच मी बोट धरून न्यायचं, की चला हो, तुमची चोरी दाखवायला या. विकणाऱ्याची माहिती खासगी आणि माझे चार लाख तेवढे सार्वजनिक. मग माणूस दारं आपटून ऐकणार नाही तर काय करणार?

बुधवारी त्यानं जाहिरात बदलली. ‘लेडी ड्रिव्हन, क्लच प्लेट नवीन, फक्त गाडी जपणाऱ्या पार्टीनेच फोन करावा.’ मी बायकोच्या नंबरवरनं फोन लावला, आवाज जरा जाड करून. किंमत नाही, नाव नाही, पहिलाच प्रश्न आला, ‘गाडी चालवणार कोण?’

मी म्हटलं, मिसेस. घर ते शाळा.

‘मग या की रविवारी,’ म्हणाला.