कुठे जाता तुम्ही?

हे रागात लिहितोय, हे आधीच सांगतो. राग चार दिवसांचा आहे, अजून मुरलेला नाही.

गेल्या शनिवारी मी माझ्या पिकअपला ऑल-टेरेन, म्हणजे डांबरावर आणि कच्च्या रस्त्यावरही चालणारे, टायर घालायला गेलो. पिकअप म्हणजे पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. त्या हौद्यातून आजवर गेलेला सर्वांत खडतर माल म्हणजे मेहुण्याची गादी. पण जुने टायर संपत आले होते, नवे घ्यायचेच होते, आणि घ्यायचेच आहेत तर मग जरा... हे 'तर मग जरा' फार महागात पडतं. तीन आठवडे रात्री जागून मी टायरांचे व्हिडिओ पाहिले होते. एक दाढीवाला माणूस नदीत गाडी घालतो, पलीकडे बाहेर येतो, टायरवर थाप मारतो आणि काहीच बोलत नाही. मलाही एकदा नदीतून बाहेर येऊन काहीच बोलायचं नव्हतं.

दुकानात शिरताना माझा आवाज आपोआप खाली गेला. "ऑल-टेरेन दाखवा. जरा दणकट."

मालक काही बोलायच्या आत कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रामागून प्रश्न आला.

"कुठे जाता तुम्ही?"

"मी?"

"गाडी घेऊन. कुठे जाता?"

"सगळीकडे," मी म्हणालो.

वर्तमानपत्र चार बोटं खाली आलं. वर चष्मा, चष्म्यावर टक्कल. "सगळीकडे म्हणजे ऑफिसला."

ह्या काकांना मी मालकाचे वडील समजलो आणि म्हणून हसलो. ही माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे, "नाही, तसं डोंगरात वगैरेही जातो अधूनमधून," असं मी म्हणालो. डोंगरात मी गेलो होतो, दोन वर्षांपूर्वी. हॉटेलच्या दारापर्यंत डांबर होतं आणि पुढे फरशी.

काका उठले. वर्तमानपत्राची नीट घडी केली आणि पोराला म्हणाले, "पुढचा डावा काढ रे."

पोरानं चाक उतरवून त्यांच्यासमोर उभं केलं. काकांनी नक्षीवरून तळवा फिरवला, आधी एका दिशेनं, मग उलट. डॉक्टर पोट दाबून बघतात तसं कडेला दाबून बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, कधीपासून दुखतंय.

"दोन्ही कडा झिजल्यात, मधला भाग शाबूत. म्हणजे हवा कमी. महिनोन् महिने पाहत नाही तुम्ही. हवा जास्त असती तर मधलं पोट गेलं असतं." मग बोट आतल्या बाजूला नेलं. "त्यातही आतली कड जास्त खाल्लीय. अलाइनमेंट गेलंय, चाक तिरपं धावतंय. चाक कशावर तरी आपटलंत."

"खड्डा असेल एखादा," मी म्हणालो. "डोंगरात."

काकांनी चाक वळवून टायरची बाजूची भिंत माझ्याकडे केली. "हा ओरखडा बघा. रिमला समांतर, गोल गेलाय. दगड असा घासत नाही, दगड ओरबाडतो. हा फुटपाथ आहे. आणि गाडी हळू होती." थोडं थांबून म्हणाले, "पार्किंग करत होतात."

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. ती त्या वेळी शेजारच्या सीटवर होती, पण फोनवर होती.

एव्हाना प्रेक्षक जमले होते. हवा भरायला आलेला एक स्कूटरवाला हवा भरून झाल्यावरही थांबला होता. काकांनी टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले. २३१९. म्हणजे हा टायर २०१९ सालातल्या २३व्या आठवड्यात तयार झाला. हे मला व्हिडिओमुळे माहीत होतं, म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "वय झालंय ना त्यांचं." काका म्हणाले, "वय झालंय. पण झीज वयाची नाही, वागणुकीची आहे."

स्कूटरवाला हसला. त्याचा ह्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

मग आला तो प्रसंग ज्यामुळे मला शनिवार रात्री झोप लागली नाही. काकांनी पोराला स्क्रूड्रायव्हर घ्यायला सांगितला आणि खाचांमध्ये अडकलेलं एकेक बाहेर काढायला लावलं. काढलेली प्रत्येक वस्तू ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडत गेले. स्टेपलरच्या दोन पिना. शर्टाचं एक बटण. काचेचा तुकडा. पेनाचं टोपण, चपटं झालेलं. माती नाही, पानाचा तुकडा नाही, साधा खडा नाही. काकांनी त्या प्रदर्शनाकडे बोट केलं.

"हे तुमचं जंगल."

मालकानं इथे तरी माझी बाजू घ्यायला हवी होती. गिऱ्हाईक मी होतो. पण मालक तोंड फिरवून खांदे हलवत होता. मी पोराला हळूच विचारलं, "हे साहेबांचे वडील का?" पोरगा म्हणाला, "कोण ते? छे. ते रोज येतात पेपर वाचायला. गाडी नाही त्यांच्याकडे. लायसनपण नाही."

लायसनसुद्धा नाही! घरी येताना मी स्टिअरिंगवर हात आपटून दहा वेळा हे म्हणालो. मग आठवलं की हवेचा टायर जगभर चालता केला त्या डनलॉपचा धंदा जनावरांच्या डॉक्टरचा होता. १८८८ साली मुलाची तीनचाकी सायकल खडखडते म्हणून त्यानं तिला हवेच्या नळ्या बांधल्या. त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी टॉमसन नावाच्या माणसानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही. म्हणजे ह्या व्यवसायात पूर्वीपासूनच कोणीही येऊन काहीही बोलू शकतो. माझा राग ह्या माहितीनं कमी झाला नाही, फक्त त्याला इतिहास मिळाला.

असो, टायरांकडे येतो. मला हवे होते ते २६५/७० आर १७, जाडजूड, लोड इंडेक्स १२१. गाडीला कंपनीनं दिलेले २६५/६५ आर १७ आहेत, लोड इंडेक्स ११२. हे आकडे वाचायला सोपे आहेत. २६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी, १७ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. ११२ म्हणजे एक टायर ११२० किलो पेलतो, १२१ वाला १४५० किलो. हे सगळं मी मालकाला ऐकवलं, काकांना ऐकू जाईल अशा बेतानं.

"चार टायर मिळून ५८०० किलो," काका म्हणाले. "हौद्यात काय नेता?"

गादी, हे उत्तर मी दिलं नाही.

"आणि उंच टायर घेऊन गाडी वर किती जाणार?" त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब केला. व्यास साडेसव्वीस मिलिमीटरनं वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे तेरा मिलिमीटर. काकांनी करंगळी वर केली. "एवढी. हिच्यासाठी मायलेज घालवणार. वर स्पीडोमीटर शंभर म्हणेल तेव्हा गाडी एकशे तीनच्या वर असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासला तर तो वेगळाच." करंगळी अजून वरच होती. वर्गात ती कशासाठी वर करतात ते सगळ्यांना माहीत आहे. स्कूटरवाला परत हसला.

"तुम्हाला साधे रोडचे टायर बास," काका म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

बास. ह्या शब्दाचा मला जितका राग आला तितका करंगळीचाही आला नाही. लोक दोनशे मीटर खोल पाण्यात चालणारं घड्याळ घेतात आणि हात धुताना काढून ठेवतात. मॅरेथॉनचे बूट घालून लिफ्टची वाट बघतात. त्यांना कोणी दुकानात विचारतं का, पोहता का, पळता का? मग मलाच का? माणसानं शहाण्यासारखं लागेल तेवढंच घ्यायचं ठरवलं तर पिकअपच कशाला घेतली असती? त्या गाडीत फोर-बाय-फोरचा, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारा, एक गोल खटका आहे. तो मी एकदाच फिरवलाय, रेडिओचा समजून.

बरं, दुसऱ्या बाजूला विकणारे तरी धड बोलतात का? 'ऑल-टेरेन' हे नाव लावायला कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही. ज्याला वाटेल त्यानं दोन खाचा रुंद कराव्यात आणि भिंतीवर डोंगर कोरावा. 'एम+एस' म्हणजे चिखल आणि बर्फ, हे अक्षरही नक्षीच्या आकारावर मिळतं, चिखलात कोणी घालून बघत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असेल तर तेवढी बर्फावरची चाचणी झालेली असते, पण मला बर्फाचं काय करायचंय? आणि ते '६० टक्के रोड, ४० टक्के ऑफ-रोड' हा आकडा कंपनी स्वतःच स्वतःला देते. माझ्या शाळेत अशी सोय नव्हती.

जे सांगायला हवं ते मोठ्या अक्षरात कुठेच नसतं. रुंद खाचा आणि मोठे ठोकळे चिखल-मातीत पकड देतात, पण डांबराला टेकणारं रबर त्यानं कमी होतं. ओल्या डांबरावर थांबायला साध्या टायरपेक्षा सहसा जास्त अंतर लागतं. टायर जड, म्हणून इंधन जास्त. जाड थरांचे असले तर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याचा हिशेब कमरेला देते. शिवाय आवाज. त्या आवाजावर मात्र बरीच बुद्धी खर्च झालेली आहे. नक्षीचे ठोकळे मुद्दाम कमीजास्त लांबीचे ठेवतात. सगळे सारखे असते तर एकच सूर लागून शिट्टी वाजली असती, आता तो वेगवेगळ्या सुरांत विभागला जातो. म्हणजे आवाज असतोच, फक्त कोणावर एकट्यावर आळ येत नाही. संयुक्त कुटुंब.

मालकानं शेवटी मधला मार्ग काढला. कंपनीच्याच मापात, २६५/६५, मवाळ नक्षीचे ऑल-टेरेन. मी 'हो' म्हणालो, कारण रोडचे टायर घेतले असते तर काका जिंकले असते, आणि दणकट घेतले असते तर त्यांनी पुन्हा करंगळी वर केली असती.

"स्टेपनीपण ह्यातलीच नवी घ्या," मालक म्हणाला. हे त्याचं बरोबर होतं. फोर-बाय-फोरमध्ये चार चाकांचे व्यास वेगळे असले की आतले गिअर एकमेकांशी भांडतात. पण पाचवा टायर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आकडा आला, तो इथे लिहीत नाही, अजून घरात कळलेला नाही. तो विसरायला मी स्टेपनी ह्या शब्दाचा विचार करू लागलो. पूर्वी मोटारींना जादा चाकच नसे, टायर फुटला की रस्त्यातच बसून सोडवा. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली गावात दोघा भावांनी आरे नसलेली, हवा भरलेली जादा रिम काढली. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ती स्टेपनी. ब्राझीलमध्येही तिला 'एस्टेपी' म्हणतात. त्या गल्लीतली माणसं आज स्टेपनीला स्पेअर व्हील म्हणत असतील आणि आपण मात्र त्यांच्या गल्लीचं नाव डिकीत घेऊन फिरतो. मी हे मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "मग बिलात पाच टायर धरू ना?"

बॅलन्सिंग, अलाइनमेंट झालं. मालक नव्या टायरवर हात ठेवून कौतुकानं म्हणाला, "ह्याच्या खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात बघा. त्यामुळे खडे अडकून बसत नाहीत, बाहेर फेकले जातात."

माझ्या पोटात खड्डा पडला. खडेच अडकणार नसतील तर पुढच्या वेळी ह्या माणसाला मी दाखवणार काय?

निघताना काकांनी वर्तमानपत्र खाली न करताच सांगितलं, "चार दिवस आवाज जाणवेल. मग सवय होईल."

"टायरच्या आवाजाची?"

"घरच्यांच्या बोलण्याची."

घरी बायको खाली उतरली, टायरांभोवती एक फेरी मारली, म्हणाली, "अहो, जुने काढून हेच परत घातले का?" रविवारी नातेवाइकांकडे जाताना तिनं दोनदा काच खाली करून वर पाहिलं. विमान दिसलं नाही, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी रेडिओ मोठा केला. ह्या वेळी बरोबर खटका फिरवला.

आणि काल संध्याकाळी ऑफिसमधून निघालो तर टिक, टिक, टिक. वेग वाढवला की टिकटिक वाढे. मागचा उजवा. दुसरा कोणी वैतागला असता, मी हर्षानं गाडी बाजूला घेतली आणि मोबाइलच्या उजेडात गुडघ्यांवर बसलो. अडकलेला खडा आत घुसत जाऊन टायर खराब करू शकतो, तो लगेच काढावा, हे मला माहीत आहे. होता, खडाच होता! उंचवट्यांना न जुमानता दोन ठोकळ्यांमध्ये घट्ट बसलेला.

पांढराशुभ्र. गुळगुळीत. पॉलिश केलेला. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये शोभेच्या झाडांभोवती पसरलेले असतात, त्यातला.

काढलेला नाही. शनिवारी हवा तपासायला जाणार आहे, त्याआधी त्याला थोडा चिखल लावायचा विचार आहे.