‘आना इवानोविच कोणाचा मुलगा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जोकोविच या आडनावावरच्या माझ्या लेखाखाली ‘शब्दवेडा’ या नावाने आलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. चौदा ओळी, नऊ उद्गारचिन्हं. त्यातली ही ओळ: “-विच म्हणजे मुलगा असं ठोकून देता, मग आना इवानोविच कोणाचा मुलगा हो?” (आना म्हणजे सर्बियाची माजी टेनिसपटू, बाई.)

साहेब (किंवा बाई, टोपणनावाच्या आडून दगड मारणाऱ्याला काय म्हणायचं ते कळत नाही), आधी तुमचं बरोबर आहे ते कबूल करतो. सर्बियातल्या एका राजघराण्याचा संस्थापक मिलोश ओब्रेनोविच याच्याबद्दल लिहिताना मी ओब्रेनला त्याचा सावत्र बाप म्हटलं, ते चुकलं. ओब्रेन हा मिलोशच्या आईचा पहिला नवरा. तो गेल्यावर तिने तेओदोरशी लग्न केलं, मग मिलोश झाला. रीतीने तो तेओदोरोविच. पण वजन होतं सावत्र भावाला, मिलान ओब्रेनोविचला, म्हणून याने भावाचं आडनाव लावलं. सर्बियातलं एक अख्खं राजघराणं अशा माणसाच्या नावावर चाललं, ज्याचा त्यांच्याशी रक्ताचा संबंध नव्हता. दुरुस्ती केली आहे. हे साध्या शब्दांत सांगितलं असतंत तर आभारही मानले असते.

आता तो ‘हो’. मराठीत प्रश्नाच्या शेवटी असा ‘हो’ कधी लागतो ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. शंका असेल तर माणूस विचारतो, “हे कसं?” तुम्हाला उत्तर नको होतं, हशा हवा होता. तरी देतो.

जोको हे ज्योर्जे या नावाचं लाडाचं रूप. त्याला जोडलेला ‘व’ (मूळ प्रत्यय ‘ओव’) मालकीचा, आपल्या ‘चा’सारखा. शेवटचा ‘इच’ लहानपण दाखवणारा: ग्राद म्हणजे शहर, ग्रादिच म्हणजे छोटंसं शहर. सगळं मिळून ‘जोकोचं धाकलं’. मिलोशचा ‘श’ मऊ, म्हणून तिथे ‘ओव’चं ‘एव’ होतं आणि मिलोशेविच तयार होतं. ते धाकलं मुलगा की मुलगी, हे सर्बियन आडनावात कुठेच येत नाही, म्हणून आना बिनदिक्कत इवानोविच. रशियन असती तर आडनाव इवानोवा झालं असतं, आणि वडील इवान असते तर मधलं नाव इवानोव्हना. तिथे भाऊ इवानोविच, बहीण इवानोव्हना.

म्हणजे -विच म्हणजे मुलगा नाहीच की, असं म्हणाल. थांबा. मी ढोबळ अर्थ दिला होता. सकाळी चहाबरोबर वाचणाऱ्याला प्रत्ययांची चिरफाड नको असते.

आणि हे मी कुठून तरी उचललेलं नाही. सर्बियातल्या नोवी साद शहरात कामानिमित्त तीन वर्षं काढली आहेत. आमच्या इमारतीत सहा टपालपेट्या होत्या, त्यातल्या दोनांवर योवानोविच, आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. घरमालकीण आजी त्यातल्याच. त्यांना विचारलं, यातला योवान कोण? “असेल कुणीतरी म्हातारा,” म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक सार्मा (कोबीच्या पानात गुंडाळलेलं सारण) वाढला. तिथल्या एका सरकारी खिडकीवर अर्जात माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये वडिलांचं नाव कंसात लिहायला सांगितलं, तेव्हा मला दहावीचा फॉर्म आठवला. असं जगून लिहिणं आणि बसल्या जागी टोमणे मारणं यात फरक आहे.

(आजींना योवान कोण ते माहीत नव्हतं, हे तुम्ही माझ्याविरुद्ध वापराल. वापरा. १९ व्या शतकात आडनावं पक्की होईपर्यंत ती पिढीगणिक बदलायची. सर्बियन भाषेचा सुधारक वुक कारादझिच याचं पूर्ण नाव वुक स्तेफानोविच कारादझिच, कारण बाप स्तेफान. नंतर ते थिजलं, आणि मूळचा योवान विस्मरणात गेला.)

दिमित्रोव हे आडनाव, शेवटच्या ‘च’चा उच्चार आणि माझं शुद्धलेखन यांवरच्या तुमच्या उरलेल्या ओळींना उत्तर द्यावं असं त्यात काही नाही.

लेखात ‘मुलगा’ होतं तिथे आता ‘मूल’ केलं आहे. तुमच्यामुळे नाही, करायचंच होतं.