हबशी म्हणजे कुठला?

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याबद्दल कुठेही चार ओळी वाचा, 'हबशी गुलाम' हे शब्द पहिल्या वाक्यात येणारच. हबशी म्हणजे कोण, हे मात्र कुणी सांगत नाही. मग वाचणारा आपल्या मनानं अर्थ लावतो: काळाकुट्ट, धिप्पाड माणूस. बोलण्यातही तो शब्द तसाच वापरला जातो, आणि तेही हिणवायला.

खरं तर हबशी म्हणजे हबशचा रहिवासी, बस्स. लाल समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलखाला अरब 'हबश' म्हणत. युरोपीयांनी त्याचं ॲबिसिनिया केलं. आज तो भाग इथिओपिया आणि एरिट्रियात येतो. इराणचा तो इराणी, तसा हबशचा तो हबशी. आणि तिकडचे अनेक लोक आजही स्वतःला मोठ्या अभिमानानं 'हबेशा' म्हणवतात. इथिओपियात त्या नावाची बिअर मिळते, परदेशातल्या त्यांच्या हॉटेलांच्या पाट्यांवरही तेच नाव दिसतं. शिवी केली ती आपण.

आता खरी गुंतागुंत. आपल्याकडे आफ्रिकेच्या कुठल्याही किनाऱ्यावरून आलेला माणूस सरसकट हबशी ठरला. सिद्दी म्हणजे आपल्याकडे स्थायिक झालेले आफ्रिकी वंशाचे लोक. त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येक जण पार दक्षिणेकडचे, बांटू भाषा बोलणाऱ्या मुलखातले. तरी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या राज्याला जुन्या मराठीत नाव पडलं हबसाण! हैदराबादेतला हबशीगुडा तर आता मेट्रोचं स्टेशन आहे, तिथं उतरणाऱ्या किती जणांना हे नाव कुठून आलं ते ठाऊक असेल, देव जाणे.

आणि खुद्द अंबर? तो बहुधा इथिओपियातल्या ओरोमो समाजातला. मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला, मोखा, बगदाद असं करत दख्खनेत आला. इथं त्याला विकत घेतलं निजामशाहीच्या चंगेजखान नावाच्या वजिरानं, आणि तोही हबशीच. आज बरेच ओरोमो लोक स्वतःला हबेशा म्हणवून घ्यायला तयार नसतात, ते नाव डोंगराळ भागातल्या अम्हारा-तिग्रे लोकांचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मराठीत हा शब्द ज्याला सगळ्यात घट्ट चिकटला, त्यानं तो स्वतःहून लावला असता की नाही, हाच प्रश्न आहे.

पुढे याच माणसानं 1610 मध्ये खडकी (पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, नहर काढून तिथं पाणी खेळवलं, जमीनमहसुलाची घडी बसवली. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र झोडपलं. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. जहांगीर इतका जेरीस आला होता की त्यानं अंबरच्या तुटलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतोय, असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर 1626 मध्ये म्हातारपणानं मेला. आपल्या आठवणींत जहांगीर त्याला 'काळतोंड्या' म्हणतो. रंगावरून हिणवायची खोड काही आजची नाही.

हल्ली काही जण सुचवतात, हबशी काढा, 'आफ्रिकन' लिहा. मला हे अजिबात पटत नाही. पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या निकितिनला आपण 'युरोपियन प्रवासी' म्हणून सोडून देतो का? रशियन म्हणतो. मग अंबरच्या वाट्याला अख्खा खंड का? त्याचा मुलूख सांगणारा एकच शब्द आपल्याकडे आहे, तो घासूनपुसून ठेवावा. पुस्तकात एवढं लिहिलं तरी पुरे: 'आजच्या इथिओपियातून गुलाम म्हणून आणलेला, अशा लोकांना त्या काळी हबशी म्हणत.' एका वाक्याचा तर प्रश्न आहे.

जिवंत माणसांसाठी मात्र हा शब्द नको. पुण्यात शिकायला आलेल्या नायजेरियन मुलाला हबशी म्हणणं क्रूर तर आहेच, भूगोलातही नापास आहे. नायजेरिया पश्चिम आफ्रिकेत, हबश पार पूर्वेला. आणि यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी कित्येक पिढ्या इथलेच, घरात कोकणी बोलणारे. त्यांच्यातले शांताराम सिद्दी 2020 मध्ये कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले. आडनावच सिद्दी आहे, तेच म्हणा की.