पाणी जाणार कुठून?

पावसाळा लागला की चिपळूणच्या आमच्या कट्ट्यावर महाडच्या सावित्री पुलाचा विषय निघतोच. यंदा बापूंनी काढला.

"1928 सालचा दगडी पूल. 2016 पर्यंत उभा होता. आत्ताचे बघा, उद्घाटनाचे हार सुकायच्या आत खड्डे. पूल पडला की हवामान बदल कसला घेऊन बसलात?"

"पडला ना शेवटी? दोन एसट्या घेऊन गेला," सुहास म्हणाला.

"अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!"

मंदार पुण्यात पुलांचीच डिझाइन करतो, सुट्टीला आला होता. "बापू, पूल बांधताना शंभर वर्षांतला पूर धरतात. लोकांना वाटतं, एकदा आला की शंभर वर्षं निवांत. तसं नाही. दर वर्षी शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. पूल पन्नास वर्षं वापरलात तर तसा पूर एकदा तरी बघायची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. आणि हा हिशेब जुन्या पावसावरचा. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सातेक टक्के जास्त बाष्प मावतं. जुन्या वहीतला शंभर वर्षांतला पूर आता किती वर्षांतला झालाय, ते आधी पुन्हा मोजायला हवं."

"मग बांधा अजून उंच." सुहासचा जेसीबी आहे, त्यामुळे त्याचं उत्तर ठरलेलं.

"पूल उंच करशील आणि दोन्ही अंगांनी भराव टाकून रस्ता आणशील. तो भराव म्हणजे शेतात घातलेला बांधच. खालून पाणी जायला मोऱ्या किती ठेवल्यास, केवढ्या ठेवल्यास, ते सांग. रस्ता वाचेल, वरच्या अंगाची वाडी बुडेल."

इथे सगळे जरा गप्प झाले. 22 जुलै 2021 चं पाणी इथल्या प्रत्येकाच्या घरात किंवा दुकानात शिरलेलं. वाशिष्ठीचा जुना पूल खचला, रेल्वे थांबली, गाव तुटलं.

पण बापू कसले ऐकतात. "आणि आपल्या बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल? ऑक्टोबर 2023, बांधता बांधता खाली आला. तेव्हा कुठला पूर होता रे? हवामानाच्या नावावर सगळं खपवायची बरी सोय झालीय."

याला मंदारकडेही उत्तर नव्हतं. बापू रस्त्याच्या कामांवर मिस्त्री होते. मग त्यांनीच खरी गोष्ट काढली. "घाटात डोंगर उभा कापतात. वर जांभा, खाली मऊ माती. पाणी जांभ्यातून झिरपतं नि मातीवर येऊन अडतं. कापलेला डोंगर धरायला भिंत बांधतात, तिच्यात पाइपचे तुकडे ठेवतात ते कशाला? ते पाणी बाहेर यायला. परवा एका भिंतीपाशी थांबलो, पाइपात काडी घातली. बोटभर आत जाईना! सिमेंटचं पाणी आत जाऊन घट्ट झालेलं. भिंतीमागे दगडगोटे भरायचे, तिथे खणलेली मातीच लोटलेली. भिंतीला पोट आलंय."

"हेच तर मी म्हणतोय," मंदार म्हणाला. "पाऊस वाढला की पहिली अशीच भिंत जाणार."

मला वाटतं, दोघं एकच सांगत होते, पण तसं म्हटलं असतं तर दोघंही माझ्यावर उलटले असते.

गाडी मग कोकण रेल्वेवर गेली. 2003 चा वैभववाडीचा आणि 2004 चा करंजाडीजवळचा अपघात झाल्यावर त्यांनी कापलेले डोंगर उतरते केले, जाळ्या मारल्या, पावसात गस्त वाढवली. जोराच्या पावसात पुढचं दिसेना झालं की गाडी चाळीसच्या वेगानं. तरी जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं, नि पाठोपाठ दिवाणखवटीजवळ माती रुळांवर.

"2025 ला तर गाड्या हळू चालवायचं पावसाळी वेळापत्रकच आखडलं," सुहास म्हणाला. "15 जून ते 20 ऑक्टोबर. आणि मुंबईत मान्सून आला 26 मेला! पहिल्याच दिवशी आचार्य अत्रे चौकातलं नवंकोरं भुयारी मेट्रो स्टेशन भरलं."

"ते दरडी कमी झाल्या म्हणून आखडलं," मंदार म्हणाला. "पण तारखेपेक्षा पाऊस बघून वेग ठरवा ना. आणि रस्त्यांनाही तेच लावा. पाण्यानं खूण गाठली की पूल बंद, दरडीची भीती दिसली की घाट बंद. कोणाच्या फोनची वाट बघायची नाही."

सुहासनं जोरात मान हलवली. "बरोबर. माणूस जाण्यापेक्षा रस्ता बंद बरा."

बापूंनी चहा खाली ठेवला. "मेल्या, 2022 ला परशुराम घाट बंद ठेवला तेव्हा, जेसीबी अडकला म्हणून कलेक्टरच्या नावानं बोटं मोडत कोण बसलं होतं इथे?"