काकू, जरा इंग्रजी बघता का?

परवा रात्री साडेनऊला शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. पहिली नोकरी लागली आहे, १० तारखेला रुजू व्हायचंय आणि १२ ला बहिणीचं लग्न. तारीख पुढे ढकलून मागायची होती. मेल लिहून तयार होती, फक्त 'ग्रामर चेक' करून हवं होतं. सुरुवात अशी:

"रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट साइटेड अबव्ह, आय एम हॅविंग माय सिस्टर्स मॅरेज ऑन ट्वेल्थ..." आणि शेवटी अर्थातच "काइंडली डू द नीडफुल अँड ओब्लाइज."

मी म्हटलं, लॅपटॉप मिट. साहेब समोर बसलेत असं समज आणि काय हवंय ते मराठीत सांग. तो म्हणाला, "सर, १२ ला बहिणीचं लग्न आहे. १० ऐवजी १६ ला जॉइन झालो तर चालेल का?" म्हटलं, झालं, हेच लिही. "माय सिस्टर इज गेटिंग मॅरिड ऑन द ट्वेल्थ. कॅन आय जॉइन ऑन द सिक्स्टीन्थ इन्स्टेड ऑफ द टेन्थ?" त्याचा चेहरा पडला. "एवढंच? उद्धट नाही वाटणार?"

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. आपलं इंग्रजी व्याकरण येत नाही म्हणून बिघडतं असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. ते जास्त बिघडतं भीतीने. उद्धट दिसू, अडाणी दिसू, या धास्तीने आपण जे बोललोच नसतो ते लिहितो.

यातली उद्धटपणाची भीती उगाच नाही. मराठीत 'तू'ऐवजी 'तुम्ही' म्हटलं की निम्मा आदर तिथेच देऊन होतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. साहेबालाही यू आणि शिपायालाही यू. जिभेवर अहो-जाहो असलेल्या माणसाला तो 'यू' उघडाबोडका वाटतो, मग आदर बाहेरून आणून चिकटवायचा: रिस्पेक्टेड, काइंडली, हम्बली, युवर गुड सेल्फ. इंग्रजीत आदर असतो तो 'कुड यू', 'वुड इट बी पॉसिबल' असल्या क्रियापदांच्या रूपात. तिकडे आपलं लक्षच जात नाही, कारण आपण विशेषणं शोधत बसलेलो असतो.

आणि हे 'डू द नीडफुल' आपण शोधलेलं नाही बरं का. ही जुनी ब्रिटिश कचेरीतली भाषा. इंग्रज १९४७ ला गेले आणि दुसऱ्याच वर्षी, १९४८ ला, त्यांच्याच अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स नावाच्या सनदी अधिकाऱ्याने सरकारी नोकरांसाठी 'प्लेन वर्ड्स' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. सांगणं सरळ होतं: लोकांना कळेल असं लिहा. म्हणजे त्यांनी आपल्या माळ्यावरचं अडगळीचं सामान काढायला घेतलं, आणि आपण ते अजून दिवाणखान्यात मांडून बसलोय.

दुसरं कारण मात्र भाषेचंच आहे. वाक्य डोक्यात मराठीत उगवतं आणि हातातून इंग्रजीत उतरतं. "मी इथे पाच वर्षांपासून काम करतेय" याचं होतं "आय एम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स". मराठीत 'पासून' दोन्हीकडे चालतं: २०१९ पासून आणि पाच वर्षांपासून. इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगायचं तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. शिवाय काम अजून चालू असलं तरी 'हॅव बीन वर्किंग'. एका छोट्या वाक्यात दोन खड्डे, आणि मराठीत तिथे रस्ता अगदी गुळगुळीत. 'डिस्कस अबाउट' असंच. आपण विषया'वर' चर्चा करतो, म्हणून तिथे काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. 'मला समजावून सांग'चं 'एक्स्प्लेन मी', मधला 'टू' गाळून. 'माझा एक मित्र'चं 'वन ऑफ माय फ्रेंड', 'फ्रेंड्स'मधला 'स' गाळून. त्या मुलाच्या मेलमधलं 'मॅरेज' तसलंच. आपल्याकडे १२ तारखेचं तेही लग्न आणि पुढची पन्नास वर्षं तेही लग्नच. त्यांच्याकडे १२ तारखेचं ते 'वेडिंग'.

पण माझा सगळ्यात लाडका अपराधी म्हणजे 'च'. काय ताकदीचं अक्षर आहे! मीच सांगितलं. कालच सांगितलं. सांगितलंच की. कुठल्याही शब्दाच्या शेपटीला लावा, वजन तिथे सरकतं. इंग्रजीत असं सुटं अक्षर नाही, म्हणून आपण 'ओन्ली'ला कामाला लावलं. "आय टोल्ड यू यस्टरडे ओन्ली." आपल्याला ऐकू येतं 'कालच सांगितलं होतं ना'. इंग्रजाला ऐकू येतं 'फक्त काल सांगितलं', आणि तो विचारात पडतो, मग परवा का नाही सांगितलं? बोलताना इंग्रज हे वजन आवाजात टाकतो. लिहिताना रचना बदलतो. 'मीच सांगितलं'चं 'इट वॉज मी हू टोल्ड यू', 'सांगितलंच की'चं 'आय डिड टेल यू'. खरं सांगायचं तर दहापैकी आठ वेळा तो 'च' इंग्रजीत नकोच असतो. आपल्याला सोडवत नाही एवढंच.

माझी स्वतःची फजितीही सांगते, नाहीतर म्हणाल शहाणपणा शिकवते. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी निर्यात विभागात होते, नवीनच. इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग आलं, त्यात एका मापापुढे टॉलरन्स, म्हणजे माप किती कमीजास्त झालं तरी चालेल ते, लिहायचा राहिला होता. मी नम्रपणे लिहिलं, "वी हॅव अ डाउट अबाउट युवर ड्रॉइंग." मनात होतं, एक शंका विचारायची आहे. शाळेत बाई नाही का विचारायच्या, काही शंका? पलीकडून कोरडं उत्तर: ड्रॉइंग आमच्या वरिष्ठ इंजिनीयरने दोनदा तपासलंय, तुमचा नेमका आक्षेप काय? मी चक्क त्यांच्या ड्रॉइंगवर अविश्वास दाखवला होता. 'क्वेश्चन' हा साधा शब्द लिहिला असता तर दोन दिवस वाचले असते. व्याकरणात त्या वाक्यात एकही चूक नव्हती, हे लक्षात घ्या. कुठल्याही तपासणी यंत्राने ते पास केलं असतं.

सगळंच भारतीय इंग्रजी कानाला धरून हाकला, असं मी म्हणत नाही. 'प्रीपोन'ला हसणाऱ्यांचा मला रागच येतो. पोस्टपोनच्या उलट प्रीपोन, कुणालाही कळतो, ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. 'कझिन ब्रदर'चं तसंच. ज्या भाषेत मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ आहेत, तिला नुसत्या 'कझिन'वर, तो मुलगा की मुलगी तेही न कळता, कसं भागेल? आपापसात खुशाल लिहा. समोरच्याला भलतंच काही कळणार असेल, तिथे मात्र बदला.

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, परत मराठी. आता लोक हसतात त्या पद्धतीला. पण त्यात दोन्ही वाक्यं समोरासमोर दिसायची, कुठे काय बदललं ते डोळ्यांना कळायचं. आपणही भाषांतरच करतो, फक्त मूळ वाक्य लपवून.

हल्ली यंत्राकडून मेल लिहून घेण्याची सोय झालीय, त्याने नवीनच गंमत केलीय. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून टाकी धुण्याची सूचना येते, तीसुद्धा 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' म्हणत. एक अर्जाची भाषा जाऊन दुसरी आली. व्याकरण निर्दोष, आणि पाणी किती वाजता बंद होणार ते चौथ्या परिच्छेदात.

तर तो मुलगा. शेवटी 'डिअर सर', ती दोन वाक्यं, 'थँक यू' आणि नाव, एवढीच मेल झाली. मी त्याला मोठ्याने वाचायला लावली. जिथे अडखळतोस तिथे वाक्यात खडा आहे, म्हटलं. कुठे अडखळला नाही. पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी होकार आला, तोही दोन ओळींचा.

निघताना दारात थांबून त्याने विचारलं होतं, "काकू, ट्वेल्थच्या आधी तुम्ही 'द' घातलात. तो कुठे घालायचा नि कुठे नाही, ते कसं कळतं?"

म्हटलं, बाळा, ३१ वर्षं निर्यात विभागात काढली. तारखेच्या आधी घालतात, एवढं पक्कं माहीत आहे. बाकी ठिकाणी मी अजून वाचून बघते आणि देवाचं नाव घेते.